खडी होण्याआधी

मुंबईहून पुण्याला रेल्वेने निघालेला माणूस कर्जतला वडा घेतो आणि गाडी घाट चढू लागली की त्याच्याबरोबरची मुले बोगदे मोजू लागतात. हा क्रम कित्येक पिढ्या चालत आला आहे. पण बोगदे मोजणाऱ्या त्या मुलांना कुणी क्वचितच सांगितले असेल, की हा घाट फोडला जात होता तेव्हा, म्हणजे १८५६ ते १८६३ या काळात, सुरुंगाने उडवलेल्या काळ्या पाषाणाच्या पोटातून पाण्यासारखे नितळ आणि मोत्याच्या झळाळीचे स्फटिक बाहेर पडत होते. ऐन भरात असताना या कामावर चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांतले हजारो दगावले. त्यांची नावे कुठे राहिली नाहीत. स्फटिकांचे मात्र काही प्रमाणात बरे झाले. दगडांची नजर असलेल्या गोऱ्या साहेबांनी त्यांतले निवडक नमुने विलायतेला नेले आणि ते तिथल्या संग्रहालयांच्या कपाटांत जाऊन बसले. उरलेले बहुधा रुळांखालच्या भरावात गेले.

दीडशेहून अधिक वर्षे उलटली, तरी या गोष्टीचे कथानक फारसे बदललेले नाही. महाराष्ट्राच्या खडकातून निघणाऱ्या देखण्या खनिजापुढे आजही दोनच वाटा असतात. एक वाट क्रशरच्या जबड्यात जाते, दुसरी परदेशातल्या शोकेसमध्ये. तिसरी वाट म्हणजे इथल्याच एखाद्या मुलाच्या घरातली फळी, गावातल्या शाळेचे कपाट, तालुक्याचे छोटे संग्रहालय. ती वाट आपण जवळजवळ मळलेलीच नाही.

आधी हे स्फटिक येतात कुठून, ते पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वाहू लागला. एकावर एक थर साचत गेले. आज उरलेले क्षेत्रच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरते आणि सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. घाटातून जाताना डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते या थरांमुळेच. ‘डेक्कन ट्रॅप’ या नावातला ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा नव्हे. पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून तो आला आहे. वाहत्या लाव्ह्यातले वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर येऊ पाहतात. लाव्हा गोठला की बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहतात. काही वाटाण्याएवढ्या, काही माणूस आत बसेल एवढ्या. पुढे खडकाच्या भेगांतून पाणी झिरपत राहते, वाटेत खडकातलेच कॅल्शियम, सोडियम, सिलिका विरघळवून घेते आणि या पोकळ्यांच्या भिंतींवर थेंबाथेंबाने स्फटिकांच्या रूपात ठेवून जाते. हे काम लाव्हा निवला आणि संपले, असेही नाही. काही अ‍ॅपोफिलाइट स्फटिकांची वये काढली तेव्हा ते लाव्ह्यानंतर कोट्यवधी वर्षांनी तयार झाल्याचे आढळले. खडकाचे एक वय आणि त्याच्या पोटातल्या फुलाचे दुसरे.

विहीर खणणाऱ्या माणसाला हे सारे आपल्या परीने ठाऊक असते. काळा पाषाण लागला की पहार वाकते, मांजऱ्या लागला की काम सोपे जाते आणि पाणीही बरे लागते. मांजऱ्या म्हणजे हाच बुडबुड्यांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा, ठिसूळ खडक. दोन थरांमध्ये गेरूसारखा तांबडा पट्टा लागतो तोही तो ओळखतो. ज्याला आपण भूशास्त्र म्हणतो त्याचा निम्मा धडा या शब्दांत आहे. पण तो पाठ्यपुस्तकात नाही. पुस्तकात ‘महाराष्ट्र पठार बेसॉल्ट खडकाचे बनलेले आहे’ हे वाक्य आहे, रिकाम्या जागा भरण्यासाठी अतिशय सोयीचे.

आता या पोकळ्यांत सापडते काय? स्टिलबाइट हे त्यातल्या त्यात नेहमीचे. पेंढीसारखे, कधी दुधी, कधी फिक्या पीच रंगाचे. नाशिकच्या बाजूला स्कोलेसाइटच्या सुया. मुंबईत मालाड-कांदिवलीच्या खाणींत बोटांसारखे हिरवट प्रेहनाइट आणि ओकेनाइट. ओकेनाइटचे गोळे पाहून पहिल्यांदा कुणाचाही विश्वास बसत नाही की हा दगड आहे. म्हातारीचा कापूस दगडाच्या वाटीत ठेवल्यासारखे दिसतात. त्यांना बोट लावायचे नसते. धागे एकदा वाकले की वाकले. जळगावकडे आणि पुण्याजवळ पाषाणच्या टेकड्यांत अ‍ॅपोफिलाइट निघाले. पाषाणचे हिरवे अ‍ॅपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना ज्ञात आहे. पाषाण हे पुण्याचे उपनगर आहे आणि त्या शब्दाचा मराठीत अर्थ काय, हे त्यांतल्या कितीजणांना माहीत असेल कोण जाणे. २००१ च्या सुमारास राहुरीजवळ मोमीन आखाडा येथे विहीर खणताना हिरव्या अ‍ॅपोफिलाइटचे गोलाकार झुबके निघाले. असंख्य पैलूंमुळे ते चमचमतात, म्हणून परदेशात त्यांना ‘डिस्को बॉल’ म्हणू लागले. पाण्यासाठी खणलेल्या विहिरीतून निघालेली वस्तू वर्ष-दोन वर्षांत अमेरिकेतल्या प्रदर्शनात दिव्याखाली गेली.

यांतली बरीच खनिजे झिओलाइट या घराण्यातली. अ‍ॅपोफिलाइट त्यांच्याबरोबर नांदते, पण घराण्यातले नव्हे. झिओलाइट हे नाव स्वीडनच्या क्रॉनस्टेट याने १७५६ साली दिले. फुंकनळीच्या ज्योतीत धरल्यावर हा दगड उकळल्यासारखा फसफसतो, म्हणून ‘उकळणारा दगड’. फसफसते ते त्यात कोंडलेले पाणी. या खनिजांच्या रचनेत अणूंच्या मापाची भोके असतात, जणू निसर्गाने विणलेली चाळणीच. त्याच नमुन्यावर कारखान्यात झिओलाइट बनवतात आणि ते कपड्यांच्या पावडरीपासून तेलशुद्धीकरणापर्यंत सगळीकडे वापरतात. २०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, रुग्णालयांच्या आवारात हवेतून प्राणवायू काढणारी यंत्रे बसवली गेली तेव्हा त्यांच्या टाक्यांत हेच कृत्रिम झिओलाइट भरलेले होते. हवेतला नायट्रोजन ते धरून ठेवते आणि प्राणवायू पुढे जातो. त्या वर्षी झिओलाइट परदेशातून विमानाने आणावे लागले. त्या बातम्या वाचणाऱ्या किती मराठी माणसांना हा शब्द ओळखीचा वाटला असेल? नैसर्गिक झिओलाइटच्या जगातल्या अव्वल प्रदेशांपैकी एका प्रदेशात आपण राहतो, हा मुद्दा बाजूला ठेवू.

दगड गोळा करणे हा पोरखेळ आहे असे मानणाऱ्यांसाठी एक जुनी हकीकत. व्हिएन्नाच्या फान देर न्यूल नावाच्या बँकरला खनिजांचा नाद होता. संग्रह इतका वाढला की काय काय आहे ते त्यालाच कळेना. म्हणून १८०२ च्या सुमारास त्याने फ्रीडरिश मोस या तरुणाला यादी करायला नेमले. हजारो नमुने ओळखता ओळखता मोसला वाटू लागले, की ओरखड्याची कसोटी सर्वांत खात्रीची. कोण कुणावर ओरखडा काढतो, ते पाहायचे. त्यातून १८१२ मध्ये काठिण्याची ती एक ते दहा आकड्यांची श्रेणी तयार झाली, जी आजही प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. बँकरच्या हौसेतून निघालेले विज्ञान ते हेच. फ्रान्समध्ये आउई नावाच्या धर्मगुरूच्या हातून एका मित्राच्या संग्रहातला कॅल्साइटचा स्फटिक पडून फुटला आणि प्रत्येक तुकडा त्याच आकाराचा असल्याचे पाहून त्याला स्फटिकशास्त्राची किल्ली सापडली, असे सांगतात. गोष्टीत तिखटमीठ असेल. पण अ‍ॅपोफिलाइट हे नाव त्याचेच, १८०६ मधले. इंग्लंडात हौशी मंडळींसाठी ‘जिऑलॉजिस्ट्स असोसिएशन’ १८५८ मध्ये निघाली, आपल्या भोर घाटाचे काम चालू असतानाच. अमेरिकेत ‘रॉक्स अँड मिनरल्स’ हे मासिक १९२६ पासून निघते आहे आणि तिथल्या टूसॉन शहरात १९५५ पासून दरवर्षी खनिजांची जत्रा भरते. तिथे दख्खनच्या दगडांना मान आहे.

मग आपल्याकडे हौसेचे वावडे आहे काय? मुळीच नाही. मुंबईत १८८३ साली आठ जणांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली, आपापल्या शिकारीच्या आणि नमुन्यांच्या गप्पा मारायला. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून लोकांना दुर्बिणीशी आणते आहे. आज गावोगावी पक्षी पाहणारी पोरे आहेत, कुठल्या झाडावर कोणता नवरंग बसतो ते वहीत लिहिणारी. दर रविवारी हजारो तरुण गडकिल्ल्यांवर चढतात. त्यांना तटबंदी, बुरूज, चोरदरवाजे, लढाया सारे मुखोद्गत असते. पण ज्या कातळावर पाय रोवून ते वर जातात, त्या कातळाशी त्यांची ओळख नसते. राजगडाच्या वाटेवर पायाखालच्या पांढऱ्या ठिपक्याला ‘गार आहे’ म्हणून सोडून देतात, आणि तो असतो झिओलाइट. दोष त्यांचा नाही. पक्ष्यांसाठी सलीम अलींचे पुस्तक होते. दगडांसाठी खिशात मावेल असे मराठी पुस्तक त्यांच्या हाती कुणी दिले?

या उदासीनतेची किंमत काय, हे वाघोलीच्या उदाहरणाने कळते. कॅव्हनसाइट हे मोरचुदासारखे निळे खनिज प्रथम अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात सापडले, तेही हौशी संग्राहकांना. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका ही तिन्ही नावे जुळवून त्याचे नाव केले आणि १९७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन छापून आले. ओरेगॉनमधले स्फटिक बारीक होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींतून निळ्या गेंदांसारखे झुबके निघू लागले, पांढऱ्या स्टिलबाइटवर बसलेले, आणि संग्राहकांच्या जगात खळबळ उडाली. त्याच रासायनिक घटकांचे पण वेगळ्या घडणीचे पेंटागोनाइटही तिथेच मिळाले. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत आज वाघोलीचे कॅव्हनसाइट आहे. आणि वाघोलीत? वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. तिथे सोसायट्या उठल्या आहेत आणि त्यांच्या पायात तिथलीच खडी आहे. गावच्या शाळेतल्या मुलाला विचारा, तुझ्या गावाचे नाव कशासाठी प्रसिद्ध आहे. तो वाहतूककोंडीचे सांगेल.

या खाणींवर शास्त्रीय काम झालेच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले प्रा. आर. एन. सुखेसवाला यांनी सहकाऱ्यांबरोबर १९७४ मध्ये पश्चिम भारतातल्या या खनिजांवर महत्त्वाचा निबंध लिहिला. पण तो शास्त्रज्ञांसाठी होता. संग्राहकाला लागणारी माहिती, म्हणजे कोणत्या खाणीतून काय, कशाबरोबर, केव्हा निघाले, ती सर्वांत तपशिलाने मांडली बर्थोल्ड ओटेन्स या जर्मन संग्राहक-अभ्यासकाने. ‘मिनरलॉजिकल रेकॉर्ड’ या अमेरिकी नियतकालिकात २००३ साली त्यांचा विस्तृत लेख आला. आपल्या विहिरी आणि खाणींची ही बखर एका जर्मनाने इंग्रजीत लिहिली. त्यांचे आभारच मानायला हवेत. पण त्यांच्याआधी आपल्यापैकी कुणाच्या वहीत ही नोंद का नव्हती, हा प्रश्न उरतोच.

कारण दगडाला विज्ञान बनवते ती त्याची चिठ्ठी. माझ्याकडे एक स्टिलबाइट आहे, जुन्या संग्रहातून आलेला. चिठ्ठीवर सुरेख इंग्रजी अक्षरात एवढेच लिहिले आहे: ‘पूना, इंडिया’. पुण्याच्या भोवती पन्नास किलोमीटरमध्ये शेकडो खाणी. कोणती? कोणत्या थरात? शेजारी काय होते? आता ते कधीच कळणार नाही. आणि निदान ही चिठ्ठी प्रामाणिक तरी आहे. धंद्यात खाणीचे खरे नाव दुसऱ्याला कळू नये म्हणून भलत्याच गावाचे नाव लिहिण्याची रीत जगभर आहे. नमुना सुंदर राहतो, पण साक्ष खोटी होते.

व्यापाऱ्यांना शिव्या घालून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही. त्यांनी चार पैसे दिले नसते तर खाणीतल्या माणसाने सुतकी आवरली नसती आणि ते झुबके खडीत गेले असते. पोकळी लागली की काम थांबवून बोटांनी, तारेने, कधी दिवसभर बसून नमुना अखंड सोडवणारे हात बहुतेक वेळा वडार समाजातल्या माणसांचे असतात. कुठल्या पट्ट्यात पोकळी मिळेल, हे त्यांना दगडाच्या आवाजावरून कळते. हे ज्ञान कुणी विचारून लिहून घेतलेले नाही. धुळीत फुप्फुसे खराब होऊन माणूस लवकर जातो, आणि त्याच्याबरोबर तेही जाते.

उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. संग्रहाचा नाद लागला की माणूस लोभी होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. अजिंठ्याच्या लेण्यांच्या भिंतींतही झिओलाइटचे पांढरे ठिपके आहेत. उद्या कुणी तिथे छिन्नी लावली तर? किल्ल्यांचे, लेण्यांचे, अभयारण्यांचे दगड जागचे हलता कामा नयेत, हा पहिला नियम. अंधेरीचा गिल्बर्ट हिल, सुमारे ६० मीटर उंचीचे ते काळे खांब, इमारतींच्या गराड्यात कसेबसे उभे आहेत. त्याचा तुकडा कुणाच्या दिवाणखान्यात असण्यात काही भूषण नाही. केंद्राच्या खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा जपण्याच्या विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी हरकत घेतली, की सारे अधिकार एकाच सरकारी खात्याकडे जातील आणि विद्यापीठांचे संशोधन अडेल. त्या वादात हौशी माणसाचा विचार कुणी फारसा केल्याचे दिसले नाही. वारसा जपायचा म्हणजे कुलूप लावायचे, ही आपली जुनी समजूत. माझ्या मते खडीच्या खाणीत सुरुंगाने मोकळा झालेला दगड आणि लेण्याच्या भिंतीतला दगड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला कुणी उचलला नाही तर संध्याकाळपर्यंत त्याची पाऊण इंची खडी झालेली असते.

महाराष्ट्रात तो उचलून लोकांपुढे मांडण्याचे सर्वांत ठळक उदाहरण सिन्नरला आहे. नौदलात काम केलेले के. सी. पांडे यांनी २००१ मध्ये तिथल्या औद्योगिक वसाहतीत ‘गारगोटी’ हे खनिज संग्रहालय उघडले. गारगोटी म्हटले की कोल्हापूरकरांना भुदरगडचे गाव आठवेल, पण हे नाव दगडावरूनच. शिर्डीच्या वाटेवरच्या सहली तिथे थांबतात. काळ्या पार्श्वभूमीवर दिव्यांच्या उजेडात ते स्फटिक पाहणारी मुले पाहावीत. दोन मिनिटे तरी ती गप्प होतात. मात्र एका संग्रहालयाने सारे भागत नाही. जुन्या महाविद्यालयांच्या भूशास्त्र विभागांत पन्नास-साठ वर्षांपूर्वी प्राध्यापकांनी पाठीवर वाहून आणलेले नमुने कपाटात धूळ खात असतात. अकरावी-बारावीला भूशास्त्र घेता येते, पण ते शिकवणारी महाविद्यालये मोजकीच. महिन्यातला एक शनिवार ती कपाटे शाळकरी मुलांसाठी उघडली, तर सरकारचा एक पैसाही लागणार नाही.

शाळेलाही फार लागत नाही. मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका, त्यात बारा कप्पे. काळा पाषाण, मांजऱ्या, गेरूचा तुकडा, गारगोटी, अकीक, कॅल्साइट, स्टिलबाइट. निम्मे तर गावच्या विहिरीच्या ढिगावर मिळतील. गारगोटीने काचेवर ओरखडा उठतो, कॅल्साइटने उठत नाही. कॅल्साइटवर लिंबू पिळले की बारीक बुडबुडे येतात, स्टिलबाइटवर येत नाहीत. दहा पट मोठे दाखवणारे भिंग एक, वही एक. दगडाच्या खालच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका, त्यावर काळ्या शाईने आकडा, तोच आकडा वहीत. पुढे तारीख, गाव, विहीर की खाण, किती खोलीवर, बरोबर काय निघाले आणि कुणी दिले. खाणीत जायचे तर मालकाला विचारून, सुट्टीच्या दिवशी, डोळ्यांवर चष्मा लावून. कड्याखाली उभे राहायचे नाही. एवढे पाळले तर सातवीतल्या मुलीची वहीसुद्धा उद्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या उपयोगी पडेल. खाण बुजून तिथे इमारत उभी राहिल्यावर तर त्या वहीशिवाय दुसरे काही उरतच नाही.

मागच्या हिवाळ्यात नगर रस्त्याच्या बाजूच्या एका खाणीवर गेलो होतो. मुकादम साठीचे, वडिलांच्या वेळेपासून याच कामात. मी दगड बघायला आलो म्हटल्यावर ते आत जाऊन सिमेंटची जुनी गोणी घेऊन आले. त्यात वर्तमानपत्रांत गुंडाळलेले सात-आठ तुकडे होते. ‘नातवाला आवडत्यात म्हणून ठेवतो सर, नाहीतर जातंच सगळं क्रशरला,’ म्हणाले. मी विचारले, ‘काका, हा कुठल्या बाजूचा?’ त्यांनी एकेका दगडाची बाजू, थर, महिना सांगितला. एकदाही अडखळले नाहीत. ‘मग हे लिहून का ठेवत नाही?’ ते हसले. ‘मला सगळं ध्यानात आहे की.’ मग जरा वेळ हातातल्या पांढऱ्या पेंढीकडे पाहत राहिले, आणि नातवाला हाक मारली. पोरगा आला. वहीचा कागद फाडून मी चिठ्ठ्या केल्या. त्याने माझ्याकडून बॉलपेन घेतले, आजोबांनी सांगितलेले गावाचे आणि खाणीचे नाव पहिल्या ओळीत लिहिले आणि थांबून विचारले, ‘तारीख आजची टाकू, का निघाला त्या दिवसाची?’